एका रविवारापुरता फ्रायर

मी एक जुना प्रेशर फ्रायर आहे, असे इंटरनेटवरच्या जाहिरातीत लिहिले आहे. मित्रांनो, माझे वय तीन महिने आहे आणि आयुष्यात मी एकच रविवार काम केले आहे. तेवढ्याने कुणी जुना होतो का, ते तुम्हीच ठरवा.

जाहिरात माझ्या मालकिणीने लिहिली आहे. त्यांचे नाव ओतिलियाबाई. माझ्यासारख्याचे अख्खे आयुष्य त्यांनी थोड्या ओळींत उरकले. त्या ओळी मी तुम्हाला वाचून दाखवतो आणि त्यांनी जे गाळले ते मध्ये घालतो.

*स्टेनलेस स्टील. एका वेळी चार कोंबड्या. झाकण घट्ट बसते.*

हे बरोबर आहे. मी तुमच्या घरच्या कुकरचा दांडगा चुलतभाऊ आहे. कुकरमध्ये पाणी असते, माझ्यात तेल. झाकण लावले की आत वाफ कोंडते आणि चिकन बाहेरून कुरकुरीत, आतून रसाळ होते. कारखान्यातल्या एका बाईंनी माझे झाकण सात वेळा उघडून बंद केले, कान लावून ऐकले आणि कागदावर बरोबरची खूण केली. माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी ती. दुसरी कधी मिळाली ते पुढे येईल. तिसरी मिळालेली नाही.

*चिकनच्या दुकानातून.*

एवढेच? मित्रांनो, ते दुकान साधे नव्हते. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तिथे 'पोयो रिकिन' नावाची तळलेल्या चिकनची दुकाने गावोगाव आहेत. तिथून परदेशी जाणारी माणसे विमानतळावर त्या चिकनचे बॉक्स विकत घेतात आणि मांडीवर धरून विमानात बसतात. सगळ्या विमानाला वास सुटतो, आणि कुणी तक्रार करत नाही. त्या साखळीतले जर्मनीतले एकुलते एक दुकान ओतिलियाबाईंनी स्टुटगार्टजवळच्या बॉबलिंगेनमध्ये काढले.

मी येण्यापूर्वीचे सगळे मला माझ्या शेजारच्या थोरल्या फ्रायरने सांगितले. तो म्हणाला, पहिल्या वर्षी फक्त बाईंच्या भागातली, मध्य अमेरिकेतली माणसे यायची. लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एफ्राइनआजोबा दर रविवारी गाड्या बदलत यायचे. स्टुटगार्टच्या इस्पितळातल्या होंडुरासच्या तीन नर्स यायच्या. दुकानात आठ खुर्च्यांचे एक लांब टेबल होते. तिघींत एक बॉक्स घेऊन त्या नर्स दुपारभर बसायच्या, फुटबॉलवरून आजोबांशी भांडायच्या.

मग थंडीत एका रविवारी अनिमेष आला. पुण्याचा, इथल्या सॉफ्टवेअर कंपनीतला. बरोबर बायको उर्जा आणि आठ वर्षांची अन्वी. पहिला घास घेऊन तो जवळजवळ ओरडलाच, "उर्जा, याला मीठ आहे! मिरची आहे! जर्मनीत!"

"हळू. लोक बघतायत," उर्जा म्हणाली, आणि तिने त्याच्या बॉक्समधला पाय उचलला.

अनिमेषने महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. मार्चमध्ये पाच कुटुंबे आली, जूनमध्ये तीस. जुलैच्या पहिल्या दोन रविवारी रांग दाराबाहेर गेली आणि थोरला एकटा पुरेना. तोवर ते सगळे बाईंना 'ताई' म्हणू लागले होते. ताई म्हणजे मोठी बहीण, हे अनिमेषने त्यांना समजावून सांगितले होते. त्या दिवशी त्या फार खूश झाल्या होत्या म्हणे.

*जागेअभावी विकणे आहे.*

हे खोटे आहे. आधी जागा नव्हती. पण माझ्यासाठी ती केली गेली.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी ओतिलियाबाईंनी अनिमेषला विचारले, "पुढच्या वेळीही इतकेच येतील?"

"जास्त! हो, हो, नक्की जास्त. ताई, तुम्ही दुसरा फ्रायर घ्याच."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय? गेनाऊ, अगदी असंच. आता हे आमचंच दुकान आहे."

तो फसवत नव्हता, असे थोरला म्हणतो. तोंडात घास असताना माणूस मनापासूनच बोलतो. पण तेवढ्या बोलण्यावर बाईंनी काउंटर दोन मीटर पुढे सरकवला आणि टेबल तळघरात नेले. टेबलाच्या जागी मला उभे केले. शनिवारी एफ्राइनआजोबांना त्यांनी फोन करून सांगायला हवे होते. ते राहून गेले. रविवारी आजोबा आले आणि दारातच थांबले.

"आम्ही कुठे बसायचं?"

"भिंतीशी फळी लावलीय, आजोबा. थोडे दिवस उभ्यानं खा."

"उभ्यानं मी बसस्टॉपवर खातो," आजोबा म्हणाले. टोपी नीट केली आणि आल्या पावली परत गेले. नर्स आत आल्या, एक बॉक्स घेतला, आणि तो न उघडताच निघून गेल्या.

मी तेव्हा नवा होतो. मला वाटले, गेले तर गेले. माझी रांग बाहेर उभी होती ना!

*वापर फार कमी.*

एक रविवार. तो मी तुम्हाला पुरा सांगणार आहे, कारण माझ्याकडे दुसरा नाही.

साडेअकराला माझे तेल तापले. बाराला रांग बसस्टॉपपर्यंत पोहोचली. मी भरलो, झाकण लागले, शिट्टी झाली, रिकामा झालो, पुन्हा भरलो. काउंटरवर कोपर टेकून माणसे बोलत होती. ते शब्द मी त्या दिवशी ऐकले. अर्थ फार उशिरा लागला.

"चार बॉक्स सांग. पण गुरुवारच्या आत संपायला पाहिजेत हं."

"संपतात! आमचा समर्थ एकटा दोन खाईल."

"काका, तुम्ही पण? तुम्हाला डॉक्टरांनी तळलेलं—"

"डॉक्टरला गटारीतलं काय कळतंय!" हे शरदचंद्रकाका, मंडळाचे अध्यक्ष. "श्रावण लागला की महिनाभर पथ्यच आहे. आज मला कुणी बोलायचं नाही."

"आमच्याकडे तर फार कडक पाळतात. सासूबाई व्हिडिओ कॉलवर ताट दाखवायला लावतात."

सगळे हसले. ओतिलियाबाईही हसल्या, कारण सगळे हसत होते. तीनच्या सुमारास त्यांनी माझ्या झाकणावर थाप मारली आणि म्हणाल्या, "शाब्बास, धाकट्या!" हीच ती दुसरी शाबासकी.

मित्रांनो, श्रावण म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मला नव्हते. बाईंना नव्हते. सगळे त्यांच्या तोंडासमोर बोलले गेले, आणि शंभर माणसांत एकानेही त्यातले एक वाक्य जर्मनमध्ये सांगितले नाही.

पुढच्या रविवारी अकरालाच मला तापवले. तीस किलो चिकन मसाला लावून तयार होते. बारा वाजले. एक वाजला. दोनला एक बाप दोन मुलांना घेऊन आला. त्यांच्यापुरते थोरल्याने तळले. मी नुसता तापून उभा. काम न करता तापत राहिलेले तेल काळे पडते, हे मला तेव्हा कळले. चारला मला बंद केले.

त्याच्या पुढच्या रविवारी तेच.

तिसऱ्या रविवारी बाईंनी माझे तेल उपसले आणि आत हात घालून मला घासले. वास घेतला. परत घासले. मसाल्याचे पीठ जिभेवर ठेवून पाहिले. ग्वाटेमालाला फोन लावून विचारले, "या खेपेच्या मसाल्यात काही बदललंय का?" तिकडून नाही म्हणाले. मग त्यांनी मला तिसऱ्यांदा घासले. मित्रांनो, माझ्यात काही घाण नव्हती. पण मला बाईंशी बोलता येत नाही.

*अजून आहे का?*

ही ओळ जाहिरातीतली नाही. कुणीतरी मेसेज करून विचारले आहे. बाईंनी उत्तर दिले, "आहे." पुढे काही आले नाही.

*कोणताही दोष नाही.*

माझ्यात नाही, असे त्यांना म्हणायचे आहे. मग कुणात आहे?

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी उर्जा आणि अन्वी समोरच्या फुटपाथवरून चालल्या होत्या. दुकान उघडे होते. बाई ॲप्रनवरच धावत बाहेर गेल्या.

"उर्जा! कुणी आजारी आहे का? माझं काही चुकलं का?"

"नाही हो ताई, तसं काही नाही. आल्झो... म्हणजे, आमचा एक महिना असतो. त्यात आम्ही चिकन-मटण खात नाही."

"सगळे? एकदम?"

"जवळजवळ सगळे. दरवर्षी."

"दरवर्षी! मग मला कुणी का नाही सांगितलं?"

"अहो, ते... ते सगळ्यांना माहीतच असतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

अन्वी जर्मनमध्ये म्हणाली, "बाबाला माहीत होतं. त्यानंच कॅलेंडर बघून सगळ्यांना त्या रविवारी बोलावलं होतं."

"अन्वी, मराठीत बोल," उर्जा म्हणाली आणि तिचा हात धरून भराभरा निघाली.

त्या संध्याकाळी अनिमेष आला. आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "सॉरी, ताई, खरंच डोक्यातच आलं नाही. महिना संपू दे, बघा कशी रांग लागते." महिना संपला तोच गणपती बसले. मंडळाने बाईंना हॉलवर बोलावले. सगळ्यांनी त्यांचे हात हातात घेतले, उकडीचे मोदक खाऊ घातले, 'आमच्या चिकनवाल्या ताई' म्हणून ओळख करून दिली. त्या मोदकांचा डबा घेऊन परत आल्या आणि तो माझ्यावर ठेवला. दुकानात कुणी नव्हते. मग अनिमेष दारात येऊन म्हणाला, "पितृपक्ष आहे, आता फक्त पंधरा दिवस." मग म्हणाला, "त्याला लागून नवरात्र येतं, ताई. नऊच दिवस."

मी मोजणे सोडून दिले.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी चिकन आणून देणारा ड्रायव्हर सहज म्हणाला, "तुमचा तो हसरा ग्राहक आता स्टुटगार्टला जातो वाटतं. तिथल्या एका चिकनच्या दुकानात मी त्याला दोनदा पाहिलं. भिंतीकडे तोंड करून खात होता."

शनिवारी अनिमेष दारात उभा राहिला तेव्हा बाईंनी एवढेच विचारले, "तिथलं चिकन कसं होतं?"

तो लाल झाला. त्याने खिशातली किल्ली चाचपली.

"अळणी," तो म्हणाला.

"मग?"

"मला राहवलं नाही, ताई. आणि तिथं मला कुणी ओळखत नाही. इथं येऊन खाल्लं आणि आमच्यातल्या कुणी पाहिलं तर? काकांना कळणार, उर्जाला कळणार. हे आमचंच दुकान आहे ना, म्हणून..."

"तुमचं आहे म्हणून येत नाही."

"हो," अनिमेष हळूच म्हणाला.

बाई त्याच्यावर ओरडल्या नाहीत. दार लावून घेतले आणि तळघराच्या पायऱ्या उतरल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक खुर्ची होती.

सोमवारी इलेक्ट्रिशियनने माझी वायर काढली. दोघांनी मला मागच्या अंगणात नेऊन निळ्या ताडपत्रीखाली उभे केले. काउंटर मागे सरकला, टेबल वर आले. मग फोन सुरू झाले. एफ्राइनआजोबा पहिल्या फोनला बोललेच नाहीत. दुसऱ्याला म्हणाले, पाय दुखतोय. तिसऱ्याला म्हणाले, गाड्या वेळेवर नसतात. सहाव्या फोनला त्यांनी विचारले, "बसून खाता येईल?"

*स्वतः येऊन न्यावा.*

दसऱ्यानंतरचा रविवार आला. ताडपत्रीखाली मला दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. आधी दोन आवाज, मग दहा, मग इतके की मी ओळखले. माझी रांग आली होती. ज्या माणसांसाठी मला विकत घेतले, ती सगळी माणसे आली होती, भुकेली, हसत, एकमेकांना दसऱ्याच्या शुभेच्छा देत. मी भिंतीच्या अलीकडे वायरीविना उभा होतो.

"ताई, आलो बघा!" हा अनिमेष. "दुसरा फ्रायर कुठाय?"

"विकायला काढला."

"अहो, आत्ता? आत्ता तर आम्ही आलो!"

"या की. रांग लावा."

"पण किती वेळ लागेल?"

"एका फ्रायरला लागतो तेवढा," ओतिलियाबाई म्हणाल्या. "आणि ते टेबल सोडून उभे राहा. आजोबा जेवतायत."

"ही खुर्ची डगमगते," आतून एफ्राइनआजोबा कुरकुरले.

थोड्या वेळाने मंडळाचे चौघे बॉक्स घेऊन अंगणात आले. त्यांनी माझ्यावर बॉक्स मांडले आणि उभ्याने खाल्ले. ताडपत्रीवर तेलाचे डाग पडले. खाली काय आहे ते कुणी उचलून पाहिले नाही. एकजण म्हणाला, "बरं झालं इथं टेकायला काहीतरी आहे."

उद्या उल्म शहरातला एक माणूस मला न्यायला येणार आहे. त्याच्या दुकानात कोण येते, कोणत्या महिन्यात येत नाही, मला माहीत नाही. मी विचारू शकत नाही. मित्रांनो, तुम्ही विचारू शकता, आणि सांगूही शकता. कुणी तुमच्यासाठी जागा करू लागले तर तिथे आधी कोण बसत होते ते विचारा. तुम्ही कधी येणार नाही तेही त्याला कळेल अशा भाषेत सांगा, आधी सांगा. मला विकायला एक जाहिरात पुरली. एफ्राइनआजोबांना सहा फोन लागले. त्या तीन नर्सना बाई अजून फोन करतात, आणि पलीकडून कुणी उचलत नाही.