निखोड

अरे थांब, सायकल लावू दे, आणि तू ते पुस्तक मिट आधी. परीक्षा गेली खड्ड्यात. आत्ता, तासाभरापूर्वी मामाच्या पागेत जे झालं ते ऐकल्याशिवाय मी तुला उठू देणार नाही, आणि मध्ये ‘असं कसं होईल’ म्हणायचं नाही, सांगून ठेवतो.

आप्पासो मामाची पागा तू बाहेरून बघितलीयस, मिरज रस्त्याला. टांगेवाल्यांची घोडी, वरातीची घोडी, शर्यतीची घोडी, सगळी लोकांची, मामाची स्वतःची एकच, लाल्या. लाल्याची आई त्याला जन्म देऊन मेली तेव्हा मामानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलाय, आता अडीच वर्षांचा झालाय आणि मामा हाक न मारता नुसता खाकरला तरी तो कान टवकारतो. बाहत्तरच्या दुष्काळात मामानं घरच्या बैलांचा कडबा लोकांच्या घोड्यांना घातला, म्हणून लोक डोळे झाकून जनावर ठेवतात. तेवढं नावच आहे त्याच्याकडं, बाकी काही नाही. मी रोज तिथं जातो ते खरारा करायला. हसू नको. घोड्याच्या पाठीवरून खरारा फिरवताना डोक्यातली सगळी अकाउंटन्सी निघून जाते.

तर दीड महिन्यापूर्वी एक माणूस आला. नाथाजी नावाचा, विट्याकडचा. भावाचं मद्रासला गलाईचं दुकान आहे, सोनं-चांदी गाळायचं, त्याच्याकडं महिनाभर जाऊन येतो, तोवर घोडी ठेवा म्हणाला. पांढराफेक शर्ट, डोक्याला एवढं तेल की कपाळावर उतरलेलं, आणि बोलणं असं गोड की मला पहिल्याच दिवशी शिसारी आली. त्याची एक सवय होती. गोड वाक्य संपलं की तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ अंगठ्यानं टिपायचा आणि तो अंगठा समोरच्या घोड्याच्या मानेला पुसायचा. “आप्पासो, देवमाणूस तुमी,” आणि अंगठा लाल्याच्या मानेला. तो गेल्यावर मी ती जागा साबणानं धुतली.

घोडी मात्र काय होती म्हणून सांगू! तांबूस, सगळ्या अंगाला एकच रंग, कुठं पांढरा केस नाही. धुळा म्हणजे मामाचा जुना गडी, जतकडचा, घोड्यावाचून दुसरं काही न कळणारा. त्यानं तिला चहूबाजूंनी फिरून पाहिलं, खूर उचलले, दात बघितले आणि म्हणाला, “निखोड हाय, एक बी खोड न्हाई. अशी घोडी म्या दोनदाच बघितली.” महिनाभर मी तिला रोज खरारा केलाय. तिच्या अंगाचा तळहाताएवढाही तुकडा नाही जो मला माहीत नाही. हे लक्षात ठेव, कारण ह्याच्यावरच माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते ठरणार आहे.

महिन्यानं नाथाजी परत आला, सकाळी नवाच्या सुमाराला. घोडी त्याला बघून खिंकाळली नाही, नुसती मान फिरवली. हा तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणतो कसा, “आप्पासो, थट्टा करताय व्हय? ही माझी घोडी न्हवं.”

मामाला वाटलं खरंच थट्टा. “मग काय आमची हाय? म्हैनाभर दाणा खाऊन फुगलीया, म्हणून वळखंना तुमाला.”

“माझीचा मागला डावा पाय पांढरा हुता. गुडघ्यापतूर. बदलली तुमी.” आवाज चढवला नाही हां, उलट जास्त गोड केला. “आता मी काय गावभर बोंबलत न्हाई. माझी गेली ती गेली. तुमचं हे तांबडं शिंगरू द्या, मिटवून टाकू. न्हाईतर मग अमावास्येला शर्यती हायत, समदी घोडीवाली गोळा हुत्यात, तितं इचारावं लागंल बगा, आप्पासोच्या पागंत जनावरं बदलत्यात का म्हणून.” आणि अंगठा लाल्याच्या मानेला पुसला.

मामाचं तोंड बघवेना. शिव्या द्यायच्या सोडून माणूस घोडीच्या पायाकडं बघत बसला, खरंच पांढरा होता की काय म्हणून. साध्या माणसाचं असंच असतं, कुणी ठाम खोटं बोललं की तो आधी स्वतःलाच तपासतो. धुळा तेवढा म्हणाला, “आवं, पांढरा केस असता तर म्या निखोड म्हणलो असतो का?” नाथाजी हसला. बहिणीकडं सांगलीतच आहे, उद्या येतो, विचार करा, म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी पागेत गेलो. खरारा घेतला, मानेपासून सुरू केलं, पाठ झाली, मागं आलो, आणि हात थांबला. मागचा डावा पाय पांढरा. गुडघ्यापर्यंत.

मी आधी हसलो. म्हटलं धुळ्यानं चुना लावला, त्या हरामखोराची जिरवायला. बादली आणली, घासलं, केस बाजूला करून आतली कातडी बघितली, ती गुलाबी होती. चुन्यानं कातडी गुलाबी होत नाही लेका. धुळ्याला हाक मारली तर तो येऊन बघतो आणि म्हणतो, “काय झालं? पाय दुखतुय व्हय तिचा?”

“धुळा, पाय पांढरा आहे.”

“मग? कवापासनं हाय की. आली तवापासनं.”

“तू निखोड म्हणालास!”

“एका पायानं निखोड म्हणलो, भाचेबुवा. ह्यो पाय नसता तर निखोडच हुती.”

आणि मामा! नाथाजी आल्या आल्या मामानं त्याला हाताला धरून घोडीच्या मागं नेलं. “बगा, डोळं उघडून बगा! पांढराच हाय का न्हाई पाय? मग कुणाची घोडी ही?” मामाच्या आवाजात काल रात्रभर न झोपलेला आनंद होता. मी नाथाजीकडं बघत होतो. त्याला धक्का बसला असेल, तो घाबरेल, काहीतरी. छे. त्यानं पायाकडं नीट बघितलंसुद्धा नाही. “पाय कशाला म्हणीन मी? कान म्हणलो. उजव्या कानाला चीर हुती माझीच्या. हिचा कान बगा, अक्खा.”

मला किळस आली. खोट्याची नाही रे, खोटं आपण सगळेच बोलतो. पण काल बोललेलं खोटं आज इतक्या सहज थुंकून टाकायचं आणि दुसरं तोंडात घ्यायचं, पान बदलल्यासारखं! आणि मामा बिचारा पुन्हा कानाकडं बघत उभा.

तिसऱ्या दिवशी कानाला चीर होती.

ताजी नाही. ताजी असती तर मी म्हटलं असतं हा रात्री येऊन कापून गेला. जुनी होती, वर्षानुवर्षांची, कडेनं केस उगवून आलेली. मी बोट घातलं त्यात. घोडीनं डोकं झटकलं नाही, उलट माझ्या हातात दिलं, जणू मी काहीतरी करीन. मामा म्हणाला, “शिंगरू असताना तारंत अडकला असंल.” धुळा म्हणाला, “आली तवा म्या इचारलं हुतं की त्येला.” मी ओरडलो त्यांच्यावर. मामा माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागला, ताप आहे का म्हणून.

आणि नाथाजी आला, मामानं विजयानं कान दाखवला, आणि तो अंगठा तोंडाच्या कोपऱ्यात नेत म्हणाला, “आवं कान न्हवं. डोळा. डाव्या डोळ्यात फूल हुतं. एका डोळ्यानं आंधळी हुती माझी.”

“नको!” मी म्हणालो. असं मोठ्यानं, की तिकडं लाल्या दचकला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. काय सांगणार होतो मी? ह्याला बोलू देऊ नका, हा बोलला की होतं? नाथाजी माझ्याकडं बघून हसला, आणि मला कळलं की त्याला काहीच माहीत नाही. तो कोणी मांत्रिक-बिंत्रिक नाही. त्यानं त्या घोडीकडं कधी नीट बघितलेलंच नाही, मग तिच्यात काय बदललं ते त्याला कळणार कसं? त्याला फक्त लाल्या दिसत होता. मामा त्या दुपारी जेवला नाही. संध्याकाळी म्हणाला, “देऊन टाकतो शिंगरू. माझ्या नावाला काळं लागलं तर उद्यापासनं ह्या दाव्यांना कोण जनावर बांधंल?” आणि लाल्याच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला. मी तिथून निघून गेलो.

चौथ्या दिवशी मी घोडीजवळ गेलो नाही. लांबूनच दिसलं. डावा डोळा दुधासारखा पांढरा. ती ओळखीचा वास घेऊन माझ्याकडं वळली, पण उजवा डोळा माझ्याकडं करायला तिला अख्खं अंग वळवावं लागलं, आणि ते तिला सवयीचं असल्यासारखं तिनं केलं.

आता सांग. नाथाजी नऊला येणार. मामा त्याला डोळा दाखवणार. मग तो काय म्हणेल? उजवा डोळा? पुढचा पाय? की घोडी सोडून मामाचंच काही? “मी ठिवली तवा पागंचा मालक लंगडा हुता,” असं म्हणाला तर? माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्यातच मला सुचलं. मी पळत रस्त्यावर गेलो आणि वळणावरच्या चहाच्या टपरीशी त्याला गाठला.

“नाथाजीराव, बरं झालं भेटलात. आत जाऊ नका. काल फौजदार आले होते. ही घोडी चोरीची आहे म्हणतात, एका माणसाचा खून करून पळवलेली. जो ठेवून गेला त्याला शोधतायत.”

सगळं खोटं. माझ्या तोंडातून इतकं गुळगुळीत निघालं की मलाच घाण वाटली. तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी ओलं लागलं, मी ते अंगठ्यानं टिपलं.

नाथाजीचा चेहरा क्षणभर पडला, मग पुन्हा सारखा झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. टपरीवाला ऐकत होता, त्यालाही ऐकू जाईल असं म्हणाला, “कोण नाथाजी? आन् कसली घोडी? मी त्यो न्हवंच. मी ह्या पागंत उभ्या जन्मात आलो न्हाई.”

“नक्की?”

“बिरोबाच्यान. मी सांगलीतच आलो न्हाई कवा.” आणि वहाणा वाजवत निघून गेला. मी चहा मागवला. हसत होतो मी, टपरीवाल्याला वाटलं असेल पास झालो.

परत आलो तर मामा लाल्याला दाणा घालत होता, शीळ घालत. मी म्हटलं, मामा, तो नाथाजी आता येणार नाही. मामा म्हणाला, “कोण नाथाजी?” धुळ्याला विचारलं. त्यालाही माहीत नाही. घोडी? “बेवारशी की ती. बाजाराच्या दिवशी दारात येऊन हुबी राहिली, आंधळी, मामांना दया आली.” लाल्या वाचला, मामाचं नाव वाचलं. मी घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, खोटं कशाला सांगू? गेले दहा दिवस मी मजेत होतो. तुला गेल्या रविवारी पिक्चरला मीच नेलं ना?

आणि आज ती आली. हरणाबाई, नाथाजीची बायको. पायाला धूळ, हातात पिशवी, एसटीनं विट्याहून आलेली. मामाला म्हणाली, “आवं दादा, आमचं मालक हितं घोडी ठिवाय आलं हुतं. दीड म्हैना झाला. मद्रासास्नं दिराचं पत्र आलंया, त्ये तितं पोचलंच न्हाईत.”

पोचलेच नाहीत. महिनाभर मद्रासला राहून आलेला माणूस. सांगलीतच आला नाही म्हटल्यावर इथून पुढं जाणार कुठून?

मामा म्हणाला, “न्हाई बाई, हितं असं कोण आलं न्हाई.” मामा खोटं बोलत नव्हता, हे बघ. मग म्हणाला, “एक बेवारशी घोडी हाय, बगा तुमची हाय का.” तिला आत नेलं. आणि घोडी, आंधळ्या बाजूनं तिचा वास आल्याबरोबर, अशी खिंकाळली की मी दीड महिन्यात कधी ऐकलं नव्हतं. दावं ताणलं, तोंड बाईच्या पदरात खुपसलं. बाईनं तिचा पाय बघितला. कान बघितला. डोळा बघितला. मग हळूच तिचं तोंड बाजूला केलं.

“न्हाई दादा. ही आमची न्हवं. आमची निखोड हुती.”

घोडी पुन्हा पुन्हा पदर धरत होती आणि ती पुन्हा पुन्हा सोडवत होती, रागानं नाही, लोकाचं लेकरू कडेवर यायला लागलं की सोडवतात तशी. जाताना दारात मी उभा होतो. माझ्याकडं बघून थांबली. माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक. म्हणाली, “तुमी बघितलं आसंल तर सांगा, बाबा. बरंवाईट काय बी आसू द्या. निस्तं एवढंच सांगा, वाट बघू का नको?”

अख्ख्या जगात मी एकटाच आहे, ज्याला माहीत आहे की तो माणूस इथं आला होता. मी म्हणालो, “नाही मावशी, इथं कोणी आलंच नव्हतं.” किती गुळगुळीत निघालं. तिनं मान हलवली आणि एसटी स्टँडकडं चालायला लागली, आणि आत घोडी भिंतीला तोंड करून ओरडत राहिली, कारण आंधळ्या डोळ्यामुळं दार कुठं गेलं ते तिला सापडत नव्हतं.

विट्याची गाडी साडेपाचला आहे, अजून ती स्टँडवरच असेल. असा काय बघतोस माझ्याकडं? तू असतास तर काय सांगितलं असतंस?