पांढऱ्या ताग्यावरचे पंजे

थोरल्या सुनेचं वागणं सासूबाईंना काट्यासारखं सलत होतं. रंगाच्या कारखान्याच्या अंगणात अख्खी गल्ली लोटली होती आणि ही त्या कोरडेबाबाच्या पायाशी बसून, माझी आई तुम्हीच, म्हणत होती.

निमित्त दोरीवर लटकत होतं. मंजिष्ठेच्या लाल रंगाच्या हौदातून पांढरा तागा फिकट, धुवट निघाला. पण त्यावर दोन लालभडक पंजे. आपलेच ते, असं बाबा छातीठोक सांगत होता. बाबाचा पंजा फावड्याएवढा, हे पंजे बायकी. पण एवढं बघतो कोण?

चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की थोरलीच्या तळहातांना घाम फुटायचा. रंगाऱ्यांच्या सभेत तिच्या हातातल्या कागदाचा लगदा झाला होता. मग सासूबाईंनी तिला पंधरा दिवस वाळत घातलेल्या कापडांपुढे उभं करून बोलायला लावलं. पुढल्या सभेत ती खणखणीत बोलली, हात कोरडे. श्रेय मात्र बाबानं हाताला चोळायला दिलेल्या मंतरलेल्या पाण्याला. आता काम सोडून, बाबाचा महिमा सांगत गावोगाव फिरायला तिची पिशवीही भरून तयार होती. राबली म्हातारी आणि माळ बाबाच्या गळ्यात. सासूबाईंचा नुसता जळफळाट चालला होता.

"आमच्या कृपेनं घाम आटतो, भीती आटते, शत्रूसुद्धा आटतो," बाबा म्हणाला.

विहीर तेवढी आटवू नका, असं म्हणत सासूबाईंनी त्याच्या मंतरलेल्या पाण्याची बाटली उचलली आणि थेंबभर पाणी जिभेवर ठेवलं. उभा जन्म रंगात गेलेला. तोंड आक्रसताच त्यांना उमगलं.

कोऱ्या फडक्यावर त्यांनी त्याच पाण्यानं भलामोठा भोपळा काढला, उन्हात वाळवला आणि फडकं हौदात सोडलं. बाबा तातडीनं ध्यानात गेला. फडकं खळबळून वर काढलं, तर फिकट कापडावर लालचुटूक भोपळा.

तुरटीचं पाणी आहे, त्यांनी सगळ्यांना सांगितलं. तुरटी लागेल तिथेच मंजिष्ठा धरते. थोरलीनं घाईत तागा तुरटीत भिजवलाच नाही. हाताला मात्र हे पाणी चोळून तो उचलला, म्हणून तिचेच पंजे उठले. तीच तुरटी कातडी आवळते आणि घाम थोडा वेळ अडतो. वाण्याकडे मिळते, मंत्र लागत नाही. फारच घाम येत असेल तर डॉक्टरला दाखवावं.

डोळे उघडून बाबा चपला शोधू लागला. थोरलीनं खाली मान घालून विचारलं, मग त्या दिवशी मी बोलले ते कसं?

"हात कोरडे केले तुरटीनं. बोललीस तू, आणि तुला बोलायला उभं केलं मी. घाम मलाही येतो गं; पुसायचा आणि पुढचं बोलायचं. डोकं कुणाच्या पायावर ठेवण्याआधी ते एकदा वापरून बघावं. आणि आई म्हणायची एवढीच हौस असेल, तर मी इथे उभी आहे."