धुराचा निकाल

राघवेंद्र कमरेपर्यंत फायरप्लेसमध्ये शिरले होते आणि आतूनच टॉर्च जरा डावीकडे धर म्हणून सांगत होते. वसुधानं टॉर्च डावीकडे धरला. छिन्नीचे ठोके पडले, मग गिलाव्याचा पोपडा, मग खोकला. खोकला थांबेपर्यंत तिनं हात हलवला नाही.

बेळगावच्या कॅम्पातलं हे बैठं घर राघवेंद्रांच्या वडिलांनी घेतलं तेव्हा फायरप्लेस घरासोबतच आली. कुटुंबानं तिचा लगेच उपयोग केला: आत चपला, वर गणपती. विस्तव मात्र तिच्यात कधी घातला नाही.

आता स्वरालीनं, म्हणजे पुण्यातल्या मुलीनं, आपल्याच इमारतीत आई-बाबांसाठी फ्लॅट बघितला होता. घराला ओल, बाबांना दमा, आईचे गुडघे. कारणं सगळी खरी होती, म्हणूनच राघवेंद्रांना त्यांचा राग येत होता. जन्मभर दिवाणी वकिली केलेला माणूस. त्यांनी नकार दिला नाही, मुदत मागितली. फायरप्लेस मी स्वतः दुरुस्त करतो, म्हणाले. नीट पेटली तर ओल जाईल, मग इथंच राहू. धूर घरात आला तर पुण्याला. स्वरालीनं फोनवर तात्काळ मान्य केलं. वडिलांच्या हातचं काम तिनं लहानपणापासून बघितलं होतं.

वसुधा मनानं केव्हाच पुण्याला पोचली होती. नव्या घरात पहिलं दूध उतू घालवायला तिनं खडेबाजारातून एक कोरं पातेलं आणून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. घरात त्याला पुण्याचं पातेलंच म्हणत.

शिवाय तिला एक गोष्ट माहीत होती. पूर्वी एकदा राघवेंद्र तारखेसाठी धारवाडला गेले असताना, धुराड्यातून पारवे घरात उतरतात म्हणून तिनं मष्णू गवंड्याला वर चढवलं होतं आणि धुराड्याच्या तोंडावर शहाबादी फरशी बसवून घेतली होती. नवऱ्याला सांगायचं राहून गेलं. म्हणजे धुराला वर जायला वाटच नव्हती. तिनं फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते अवघड नव्हतं. आपण कुठल्या राज्यात, याच्या निकालाची वाट बघत या भागातल्या बायकांनी तीन पिढ्या भाजी निवडली आहे.

काम चालू राहिलं. मोबाइलवरच्या व्हिडिओतला परदेशी माणूस एका दुपारी जे करायचा, त्याला या दोघांना आठवडा लागायचा. साधं सिमेंट वाळतानाच तडकलं. मग निपाणीकडच्या एका जुन्या पक्षकारानं कुठल्याशा साखर कारखान्याच्या बॉयलरमधून निघालेल्या भट्टीच्या विटा दिल्या. त्या गाडीच्या डिकीतून आणताना राघवेंद्रांची कंबर धरली. वसुधानं माती कालवली, विटा भिजवल्या, हाताला भेगा पडल्या. शेजारचे भावकूअण्णा रोज डोकावून जात.

"वकीलसाहेब, ह्यात भाकरी भाजतीय काय?"

राघवेंद्र आत पुढची वीट बसवत. वसुधाकडे बघतही नसत. रात्री दोघं पाठीला मलम लावून घेत आणि पुण्याचा विषय निघायच्या आत झोपत.

रविवारी संध्याकाळी सगळं तयार झालं. राघवेंद्रांनी अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, वर ठेवणीतला स्वेटर. कोर्टात निकालाच्या दिवशी जात तसे. मग वेताच्या दोन खुर्च्या आणून फायरप्लेससमोर मांडल्या. एक जरा मागं घेतली; वसुधाला आच सोसत नाही. सरपण रचलं, खाली कागद सारला आणि काडी ओढली.

वसुधा मागं घेतलेल्या त्या खुर्चीकडे बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "वर फरशी हाय."

काडी जळत बोटापर्यंत आली. त्यांनी ती झटकली.

"धुराड्यावर. मीच मष्णूकडनं बसवून घेतली. तुम्ही धारवाडला गेलता तेव्हा."

"ठाऊक हाय."

वसुधानं खुर्चीवरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं.

"पहिल्याच दिवशी टॉर्च मारला की वर. आभाळ दिसंना."

"मग हे सगळं कशाला केलासा?"

राघवेंद्र खुर्चीत बसले. ती मागं घेतलेलीच होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. नखातली माती काढत राहिले.

"तुझे गुडघे मला दिसत न्हाईत व्हय? जायाचं तर हायच. पण आपल्या तोंडानं व्हय म्हणायला जमंना गं. धुरानं निकाल दिला असता, तर बरं झालं असतं."

तेवढ्यात फोन वाजला. स्वराली होती, तिला धूर बघायचा होता. व्हिडिओ लाव म्हणाली. वसुधानं फोन कानालाच धरला.

"अजून पेटवलं न्हाय," ती म्हणाली. "पुढची तारीख पडलीय."

फोन ठेवून तिनं रिकामी राहिलेली खुर्ची स्वयंपाकघरात ओढत नेली आणि माळ्याखाली लावली. राघवेंद्र मागोमाग आले. काही न विचारता त्यांनी खुर्चीची पाठ धरली. ती चढली, गुडघ्यावर हात ठेवत उतरली. वर्तमानपत्र सोडवून तिनं पातेलं विसळलं, पाणी घातलं, साखर घातली आणि गॅसवर ठेवलं.

"हे पुण्याचं न्हवं काय?"

"व्हय."

चहापत्ती पडली. कोऱ्या पातेल्याच्या कडेला पहिला तपकिरी डाग धरला. दोघंही तो बघत उभे राहिले.

"मष्णूचा नंबर हाय काय गं तुझ्याकडं?"

"हाय की," वसुधा म्हणाली आणि गॅस बारीक केला. "आधी चहा घ्या."