चिमूटभर निळा उजेड

तळघरातल्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे शेवाळताई म्हणत. नावात थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं. अडीच वर्षं ती काचेच्या चंबूंत हिरवं शेवाळ वाढवत होती आणि त्या शेवाळाने तिला पुरतं जखडून ठेवलं होतं.

काम ऐकायला सोपं. एका खोलीत निळे दिवे, दुसरीत लाल. शेवाळ एकच, पाणी तेच, खत तेच. निळ्या उजेडात शेवाळातली काही एन्झाइमं कामाला लागतात, त्याचा श्वास वाढतो आणि साठवलेला स्टार्च मोडून ते प्रथिनं बांधायला घेतं. लाल उजेडात मात्र ते एखाद्या चिक्कू माणसासारखं स्टार्च नुसतं साठवत बसतं. हा फरक आकड्यांत दाखवला की सर सही करणार, पदवी हातात पडणार आणि शेवाळताई घरी जाणार. घर समुद्रापलीकडे. नवरा बोटीवर, वर्षातून एकदा उगवणारा. लेक बबडी सासूबाईंपाशी. दीड वर्षाची होती तेव्हा सोडून आली होती तिला. आता चारची झाली.

निळ्या खोलीने कधी त्रास दिला नाही. लाल खोलीने नाकी नऊ आणले. मधल्या फळीवरच्या चंबूंत स्टार्च म्हणून साठेल तर शपथ! एकवीस दिवसांची फेरी संपली की सर आकडे बघून चष्मा कपाळावर चढवायचे.

"हात साफ नाही तुमचा. पुन्हा करा."

अशा आठ फेऱ्या झाल्या. आठव्यानंतर सर म्हणाले, "आता एकच संधी. नाही जमलं तर विषय बदलायचा. म्हणजे आणखी तीन वर्षं धरून चाला."

लाल खोलीत संध्याकाळी सहाला शिरलं की आठपर्यंत दार उघडायचं नाही, नाहीतर बाहेरच्या ट्यूबचा उजेड आत येतो. दर वीस मिनिटांनी नमुना काढायचा. मधल्या वेळात स्टुलावर बसून भिंतीकडे बघायचं. ना खिडकी, ना बोलायला कोणी. त्याच वेळी तिकडे सकाळ असायची आणि बबडी बालवाडीत जाण्याआधी दूध प्यायला बसायची. ती बालवाडीतून परतेपर्यंत इकडे मध्यरात्र उलटलेली, आणि इकडे उजाडेपर्यंत ती तिकडे झोपूनही गेलेली. तेव्हा शेवाळताई मधल्या फळीला फोन टेकवून ठेवायची आणि लेकीला डोळे भरून बघायची.

"आई, तू लाल का गं?"

"अगं, इथला दिवाच लाल आहे."

"आजी, ये ना! लाल आई आली!"

त्या अर्ध्या तासावर ती उरलेला दिवस ढकलायची.

नववी फेरी सुरू करायच्या आदल्या दिवशी तिने लाल खोलीत बसून जुन्या वह्या काढल्या. सातव्या फेरीत सलग पाच दिवस मधल्या फळीवरचा स्टार्च शहाण्यासारखा वाढला होता. सहाव्या दिवसापासून पुन्हा घसरण. ते पाच दिवस तिला नीट आठवत होते. बबडी आत्याच्या गावी गेली होती, तिथे फोन लागत नव्हता, आणि ही या स्टुलावर बसून रडली होती.

तिने मधल्या फळीकडे पाहिलं. रोज फोन टेकून टेकून तिथे एक चरा पडला होता. फोनचा पडदा पांढरा दिसतो, पण त्या पांढऱ्यात निळा असतोच. आणि एन्झाइमांना जागं करायला चिमूटभर निळा पुरतो. हे वाक्य तिच्याच प्रबंधाच्या पहिल्या पानावर होतं!

तिला आधी हसू फुटलं, मग रडू कोसळलं. लेकीला बघण्यासाठी ती रोज जे करत होती, त्यानेच तिला इथे अडकवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पडदा बंद करून फोन खिशात टाकला आणि कानात इयरफोन घातले.

"बबडे, आज नुसतं बोलूया."

"लाल आई दाखव."

"एकवीसच दिवस गं राणी."

पलीकडे पेला आपटल्याचा आवाज आला. मग सासूबाई बोलल्या, "दूध पीत नाहीये ती. जराशी दिसलीस तर काय बिघडतं?"

"सगळं बिघडतं, आई."

शेवाळाचं गाऱ्हाणं त्यांना कसं सांगणार? पाचव्या दिवसापासून बबडी फोनवर यायचीच बंद झाली. शेवाळताईने दात-ओठ खाऊन नमुने काढले. चंबूंत स्टार्च चढत गेला, आणि त्याचा तिला अक्षरशः राग येत होता.

बाविसाव्या दिवशी सरांनी आकडे पाहिले आणि सही ठोकली. "बघा, झाला की नाही हात साफ?"

"हात तोच आहे, सर," ती म्हणाली. आणि तिने वही मिटली.

आठवड्याने ती घराच्या दारात उभी राहिली. भर दुपार होती, लख्ख ऊन अंगणभर पसरलं होतं. सासूबाईंनी बबडीला पुढे केलं. बबडीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ती आजीच्या मागे दडली.

"ये ना गं, आई आली तुझी," सासूबाई म्हणाल्या.

"ही नाही. माझी आई लाल आहे."

शेवाळताई उंबऱ्याबाहेरच मटकन खाली बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच समोर दार सताड उघडं होतं, आणि तिला आत जाता येईना.