तिसऱ्या गल्लीतल्या खांबाखालची पट्टी

"पायातच येऊन बसलेत सगळे! झाडू घालू कुठं, यांच्या डोक्यावर?"

सुलाबाई पुटपुटल्या, ते माझ्या अगदी कानाशी. चार माणसं उकिडवी बसून माझ्याकडे बघत होती. मित्रांनो, काहीतरी बिघडल्याशिवाय मला बघायला कुणी वाकत नाही.

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. तळहाताएवढी, जाडीला नखाएवढी. विंचूरच्या एका गोदामात चाळीस फूट उंच मांडणी आहे. तिच्या दोन रांगांमधल्या वाटेला इथं गल्ली म्हणतात; तिसऱ्या गल्लीतल्या एका खांबाच्या पायाखाली मी असते. खांब सरळ उभा राहावा म्हणून पाय आणि फरशी यांच्यात आम्हाला सरकवतात. नाशिकच्या एका शेडमध्ये मला कापलं, कडा घासल्या आणि पोत्यात टाकलं. बालपण म्हणावं तर एवढंच.

उंच मांडणीचं कसं असतं, खाली तांदळाच्या दाण्याएवढा फरक पडला की वर ती चार बोटं कलते. म्हणून बांधणाऱ्यांनी आधी माती तपासली. चार कोपऱ्यांत तपासली, मधे कोण जातंय! मग जाड काँक्रीट, त्यावर खांब, आडवे दांडे, कप्प्याकप्प्यांत पॅलेट, म्हणजे लाकडी पाट, आणि पॅलेटवर रसाच्या बाटल्यांचे खोके. मला सरकवलं तेव्हा दुर्बीण लावून बसलेला मिस्त्री ओरडला, "सुतात आला!" माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते तेवढंच. मग बोल्ट आवळले, माल चढला. सुरुवातीला जड वाटलं. पुढे काहीच वाटेनासं झालं.

सहा महिन्यांनी पाय खचला. कप्पे रिकामे केले, जॅक लावला, माझ्यावर दुसरी पट्टी आली. काही महिन्यांनी तिसरी. मग चौथी. गोदामाचे साहेब म्हणाले, "माप घेतानाच चुकलं असेल." ठेकेदार म्हणाला, "थंडीत लोखंड आकसतं हो."

सुलाबाई खाली बघून झाडत राहिल्या. ही जमीन त्यांचीच होती. विकताना दलाल म्हणाला, विहीर दिसली की गोदाम बांधणारं गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून मायलेकांनी विहीर बुजवली, वरून नांगर फिरवला. कागदावर ती कधी आलीच नाही. ती नेमकी माझ्याखाली आहे. जमिनीच्या सौद्यातच सुलाबाईंना इथं झाडलोटीचं काम मिळालं आणि त्यांच्या संतोषला उंच कप्प्यांत माल चढवायची गाडी. मला हे कसं ठाऊक? दुपारी दोघं माझ्याशेजारीच भाकरी सोडतात.

"संत्या, ह्या गल्लीत गाडी नको घालू."

"मग कोण घालंल? तुझा बाप?"

"माझा बाप असता तर त्यानं हीर बुजवूच दिली नसती."

"आई, हळू. दोघांची नोकरी जाईल."

मग दोघं जेवतात. संतोष मधेच वर बघतो, चाळीस फुटांवर, जिथला माल खाली आला तर त्याच्याच डोक्यावर येईल. बघतो आणि पाणी पितो.

मित्रांनो, मी दबून राहते, कारण मला त्यासाठीच कापलं आहे. तुम्हाला नाही. तुमच्या पायाखाली काही हललं, तर पट्टी शोधायच्या आधी विचारा की का हललं. पट्टीनं फट बुजते, खड्डा भरत नाही. इतकं ओझं वाहून मला एवढंच कळलं.

तर त्या सकाळी ती चार माणसं माझ्यावर पाचवी पट्टी बसवत होती. बोल्ट आवळले गेले. साहेब गुडघे झटकत उठले.

"चल संतोष, घे भरायला. पार वरपर्यंत."

संतोषनं आईकडे बघितलं नाही. गाडी सुरू केली. सुलाबाई गाडीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, बाजूला हो."

"नाय व्हत."

"मावशी, काम करू द्या ना," साहेब म्हणाले.

"साहेब, कितीबी पट्ट्या घाला, ह्यो खांब खालीच जाणार. इथं आमची हीर हाय. आम्हीच बुजवली."