मला वरती शोधायला हवे होते

मित्रांनो, मी एक जुनी स्की आहे, एवढे नक्की. डावी की उजवी, हे मात्र मला आजवर कळलेले नाही. आम्ही दोघी जुळ्या. बुटासाठीचा खटका दोघींवर सारखाच बसवलेला. सकाळी जी आधी हाताला लागेल ती डाव्या पायात जाते. बुटांचे तसे नसते, म्हणून मला बुटांचा हेवा वाटतो.

माझे अंग हलक्या लाकडाचे आहे, पावलाखाली रुंद आणि पुढचे टोक होडीसारखे वर उचललेले. दुकानातल्या गॉर्डने मला ‘बायकांची स्की’ म्हणून पुढे केले. समोर लूशा पोस्टनिकॉफ उभी होती. ती आमच्या गावात शाळेची बस चालवते. वय अठ्ठावन्न, आणि एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. जड स्की पायात घातलीस तर पुन्हा टेबलावर यावे लागेल, असे डॉक्टरांनी तिला बजावले होते.

“बायकांची, पुरुषांची ते राहू दे, गॉर्ड,” ती म्हणाली. “हलकी आहे का, तेवढं बोल.”

गॉर्डने मला तिच्या हातावर ठेवले. तिने एकदा तोलून पाहिले आणि आम्हां दोघींना घरी नेले. बायकांची म्हणजे माझ्यात नेमके काय वेगळे, ते कोणी सांगितलेच नाही.

खरा गोंधळ पुढेच होता. डोंगरावरच्या दाबलेल्या, टणक बर्फावर मी थरथरायचे, माझे टोक फडफडायचे. लूशा वैतागून म्हणायची, ही स्की आहे की पत्रा? मी खजील व्हायचे. आणि मग एखाद्या दिवशी मांडीभर भुसभुशीत बर्फ पडायचा. त्यात मी आधी बुडायचे. सगळे पांढरे, वर कुठले, खाली कुठले, काही समजायचे नाही. मग माझे टोक आपसूक वर येऊ लागायचे, रुंद अंगाखाली बर्फ दबायचा आणि लूशा तरंगायची. तिथे गुडघ्यावर जोर द्यावा लागत नसे. ती नुसती कलली की आम्ही वळायचो. अट एकच होती, भार दोघींवर सारखा हवा. एकीवर जास्त टाकला की ती खोल जायची.

खाली उतरल्यावर लूशा माझ्यावरचा बर्फ हातमोज्याने पुसायची आणि म्हणायची, सोनं आहे सोनं. आज पत्रा, उद्या सोने. मी तर तीच होते! कोणाचे खरे मानायचे?

लूशाची नणंद व्हेरा नेहमी तिच्यासोबत असे. व्हेराच्या स्कींना लांब नारिंगी फिती बांधलेल्या असत. खोल बर्फात स्की सुटली तर ती दिसत नाही, फीत दिसते. तूही बांध, म्हणून व्हेराने लूशाचे डोके खाल्ले होते.

“चाळीस वर्षं या डोंगरावर काढली मी,” लूशा म्हणायची. “आता शेपटी लावून फिरू?”

फेब्रुवारीतल्या एका सकाळी झाडांमधून उतरताना मी बर्फाखालच्या एका खोडावर आदळले. खटका उघडला. लूशा हवेतून गेली आणि बरीच खाली जाऊन आपटली. मी तिथेच, खोडाजवळ, नाक खुपसून बर्फात रुतले.

व्हेरा तिच्यापाशी पोचली. गुडघा शाबूत होता. मग दोघी मला शोधू लागल्या, पण लूशा जिथे पडली होती तिथे. माझी जुळी बहीण हातात धरून त्यांनी तिच्या मागच्या टोकाने बर्फ विंचरून काढला.

“घसरत खालीच गेली असणार,” लूशा म्हणाली.

मी कुठे घसरले होते? बूट सुटला की खटक्याचे दोन छोटे पाय बाहेर येतात आणि स्कीला रोखतात. मी वर होते आणि त्या आणखी आणखी खाली शोधत होत्या. मला वाटले, आपलेच वर-खाली चुकत असेल. त्यांचे आवाज बारीक होत गेले. मग वरून नवा बर्फ पडू लागला.

खाली काय झाले, ते मला पुढे बहिणीकडून कळले. लूशाने सगळे आवरून टाकले. तशा स्की आता कोणी बनवत नव्हते, जड स्की चालणार नव्हती. ती व्हेराच्या घरी गेली, पुढ्यातले कोबीचे बोर्श्ट सूप तसेच वाडग्यात राहू दिले आणि म्हणाली, “ही तुझ्या कुंपणाला लाव. माझं झालं आता.” आमच्याकडे म्हाताऱ्या स्कींची कुंपणे करतात. त्यांना आरपार खिळे ठोकतात आणि मग त्या पुन्हा कधी डोंगर पाहत नाहीत.

मी पडून राहिले. किती दिवस, कोण जाणे. मग पाणी ठिबकू लागले, माझ्या लोखंडी कडांना गंज चढला, एका अस्वलाने मला हुंगले आणि नापसंत केले. जूनमध्ये कोणाचे तरी बूट वाजले. व्हेरा होती. या वेळी तिने आधी ते खोड शोधले आणि तिथून शोधायला सुरुवात केली. चार पावलांवर मी होते.

तिने मला घरी नेले आणि लूशाला बोलावून घेतले. कुंपणात माझी बहीण उभी होती, उन्हाने रंग विटलेला. लूशा माझ्याकडे पाहत राहिली, मग बहिणीकडे.

“आता काय उपयोग,” ती म्हणाली. “भोकं पडली असतील तिला.”

“तारेनं बांधलीय,” व्हेरा म्हणाली. “खिळा मारायला माझा हात नाही धजला. तू हट्टी आहेस, म्हातारी नाहीस.”

लूशाने गुडघ्यावर बसून तार सोडवायला घेतली. बोटे कापली तरी थांबली नाही, आणि तिला रडू आवरेना.

डिसेंबरात पहिला खोल बर्फ पडला. आम्हां दोघींना नारिंगी फिती होत्या. आता मी गंजकी आणि ती विटकी, तरी लूशा आम्हांला कुठल्याही पायात घालते. त्या खोडाजवळ ती जराशी थांबली आणि मग निघाली. मी बुडाले. वर कुठले, खाली कुठले, पुन्हा कळेना. पण बाजूला बहीण होती, भार सारखा होता, आणि आम्ही वर आलो.

मित्रांनो, फिती बांधा, त्यात कमीपणा नाही. आणि तरीही काही हरवलेच, तर जिथे आपटलात तिथेच शोधत बसू नका. थोडे वर चढा. जिथे सुटले तिथे पाहा. तिथे कोणीतरी तुमचा आवाज ऐकत पडलेले असते.