केळीशिवायचा समुद्र

भागाबाईची अट एवढीच होती की

समुद्रातलं जे काही शिकायचं असेल ते आधी तिला समजावून सांगायचं. अहिराणीत सांगा, मराठीत सांगा, पण असं सांगा की तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं पाहिजे. उभं राहिलं, तर स्नेहलच्या नावाची शिष्यवृत्ती त्या मुलाची. नाही राहिलं, तर चहा-पोहे घ्या आणि सुखरूप घरी जा.

ट्रस्टचं काम बघणारा पुतण्या धम्मपाल कॉलेजात प्राध्यापक. तो म्हणाला होता, "काकू, अशी परीक्षा जगात कुठे नसते."

"मंग जगले सांग, आठे पिंप्राळामां शे."

अशी अट का, तर

स्नेहल, तिची एकुलती एक, बार्नॅकल नावाच्या समुद्रातल्या प्राण्यावर संशोधन करायची. जळगाव कुठे, समुद्र कुठे! भागाबाई फोनवर विचारायची, "काय शे वं ते?" स्नेहल हसायची. "फोनवर नाही समजणार आई, घरी आले की सांगते." घरी आली की भरीत, मैत्रिणी, झोप. सांगायचं राहून जायचं. मग डेंग्यूचं निमित्त झालं, ती गेली, आणि ते राहिलं ते राहिलंच. लोकांनी मोबाइलवर फोटो दाखवले. खडकावर पांढरे खडे. भागाबाईला वाटायचं, एवढ्यासाठी माझी पोर तिकडे उन्हात उभी राहायची?

आणि पहिल्याच वर्षी घोळ झाला तो असा की

यावलची मृणाली आली. प्रवाळ समजावताना ती म्हणाली, "केळीच्या बुडाला पिलं फुटतात ना अक्का, तसं एकातून दुसरं फुटत जातं." भागाबाईने मान डोलावली, मृणालीला शिष्यवृत्ती मिळाली, आणि साऱ्या खानदेशात बातमी गेली: पिंप्राळ्याच्या अक्काला केळी लागते.

तेव्हापासून

जेलीफिश म्हणजे केळफूल. समुद्रसाप म्हणजे केळीचा दांडा. सावद्याच्या प्रेमराजने तर देवमाशाची केळीची वखार करून टाकली, आत अंधार आणि माल ठासून भरलेला, आणि वर खरोखरचा एक घड घेऊन आला. घड शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खाल्ला. प्रेमराज पोहे खाऊन गेला. सलग दोन वर्षं शिष्यवृत्ती कुणालाच मिळाली नाही.

"काकू, हे वर्ष शेवटचं," धम्मपाल म्हणाला. "नाहीतर ट्रस्टमधल्या सगळ्यांचं ठरलंय, नर्सिंगच्या मुलींना देऊ. तेही चांगलंच काम आहे."

चांगलंच होतं. म्हणून तर भागाबाईला नाही म्हणता येईना. पण समुद्राची पोरं यायची थांबली, तर बार्नॅकलचं तिला सांगायला कोण येणार होतं?

ह्या वर्षी एकच जण आली, तीही

धुळ्याहून, आजोबांना घेऊन. मुस्कान. वडिलांचं धुळ्यात किराणा दुकान. आजोबा सोहनलाल दारातच म्हणाले, "आधीच सांगतो नाना, आम्ही जैन माणसं. कांद्याला हात लावत नाही, आणि ही म्हणते समुद्रात जाते."

"जाऊ द्या की," आधार नाना म्हणाले. भागाबाईचा नवरा, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. "समुद्रात कांदा नसतो."

भागाबाईने मुलीला समोर बसवलं. "केळी आनेल शे का?"

"नाही अक्का."

"मंग बोल."

"मला बार्नॅकलवर काम..."

भागाबाईच्या हातातली बशी कलली. पदरावर चहा सांडला, तो तिने पुसला नाही. "सांग," ती म्हणाली. "हळू सांग."

दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून मुस्कानला अहिराणी येत होती. ती सरसावून बसली.

तर गोष्ट अशी, अक्का, की

बार्नॅकलचं पिल्लू जन्मतं तेव्हा मोकळं असतं. पाण्यात भटकतं. वय झालं की त्याला घर हवं असतं. मग ते खडकावर उतरतं आणि चालत चालत जागा बघतं. इथे चाचपून बघ, तिथे चाचपून बघ.

"प्लॉट पाहतं म्हणा," आधार नाना म्हणाले.

"हां नाना, प्लॉटच! आणि कुठला पसंत करतं? जिथे आधीच आपल्यातलं कुणी राहतंय, तिथला. त्याला ते कळतं. एकदा ठरलं की डोकं खाली टेकवायचं आणि चिकटून जायचं. भोवती चुनखडीच्या भिंती बांधायच्या. वर दार. मग जन्मभर डोक्यावर उभं. पाणी आलं की दार उघडायचं, पाय बाहेर काढायचे आणि पायांनी घास ओढायचा."

भागाबाईने खिडकीबाहेर पाहिलं. समोर कुंदाबाईचं घर, पलीकडे दिराचं, कोपऱ्यावर शेवंताबाईचं. सगळी एकामागून एक आलेली, आपल्यातलं कुणी इथे आहे म्हणून.

"पाय वर?" तिने विचारलं. "जलमभर?"

"जलमभर, अक्का."

भागाबाई हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदरही सुटला.

"पण तुम्ही त्यांचं करता काय?" सोहनलालनी मधेच विचारलं. "कापता?"

"नाही हो दादाजी. समुद्रात फरश्या टांगायच्या. गुळगुळीत, खरखरीत, वेगवेगळ्या. कुठल्या फरशीवर कोण येऊन बसतं ते पाहत राहायचं."

फरश्या.

"आपली मोरीन्या उरेल फरश्या," भागाबाई नानांना म्हणाली. "स्नेहल पिशवीमां भरीसन लयी गयी व्हती. मी तिले इचारं, समुद्रमां मोरी बांधस का वं?"

"मग? काय म्हणाल्या ताई?" मुस्कानने विचारलं.

"हसनी."

भागाबाईला दिसलं. खडक, उन्हात उभी पोर, तिच्या हातात मोरीची फरशी, आणि फरशीवर डोकी टेकवून बसलेली इवली इवली कॉलनी.

"समजनं," ती म्हणाली. "माले बठ्ठं, सगळं समजनं."

धम्मपालने खिशातून पेन काढलं. नर्सिंगचं नाव त्याने घेतलं नाही.

इथे सगळ्यांनी उठायला हरकत नव्हती, पण

आधार नानांना शंका आली. "बाकीचे आपल्यातलं बघून बसतात, ते ठीक. पण रिकाम्या खडकावर पहिला कसा बसतो?"

"काका, ह्या कॉलनीत पहिले तुम्हीच आलात," धम्मपाल म्हणाला. "तुम्ही का बसलात?"

"मी?" नाना विचारात पडले. "फिरून फिरून पाय गळाले होते. म्हटलं, आता बास. इथेच."

मुस्कान खुर्चीतून उडालीच. "नाना, तिथेही काही जणांचं म्हणणं असंच आहे! दमलेलं पिल्लू फार चिकित्सा करत नाही म्हणे."

"घ्या," नाना सोहनलालना म्हणाले. "आम्ही बार्नॅकल निघालो."

सोहनलाल उठू लागले. धुळ्याची गाडी गाठायची होती. भागाबाईने हातानेच त्यांना बसवलं आणि मुस्कानला जवळ ओढलं. आता तिला सगळंच हवं होतं. स्नेहलने सांगितलं असतं ते, आणि आईपुढे लाजून सांगितलं नसतं तेही.

"एक सांग पोरी. जो तो डोकं चिकटाडीसन बठेल. जागावरथीन हालत नही. मंग त्यासले पोरं कशी व्हतस?"

मुस्कानचे कान लाल झाले. तिने आजोबांकडे पाहिलं. "दादाजी, तुम्ही जरा बाहेर ओट्यावर बसता का?"

सोहनलाल चपला न घालताच बाहेर गेले. आधार नाना खुर्ची पुढे ओढून बसले.